सिन्स की फॉर? 'पासून'चं इंग्रजी करताना एवढं बघा

"आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स." हे वाक्य पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं, हॉटेलच्या रिसेप्शनवर, बँकेत, शाळेच्या पालकसभेत, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला तर हमखास. समजतं सगळ्यांना, कोणाचं काही अडत नाही. पण एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही त्या सिन्सच्या आजूबाजूला. कामानिमित्त माझ्या हातातून सीव्ही आणि अर्ज खूप जातात, हॉटेल लाइनचे असतात, क्रूझवर जाणाऱ्या पोरांचे असतात, आणि ज्यांचं इंग्रजी एरवी फाडफाड आहे तेसुद्धा नेमके इथेच अडकतात. म्हणून आज हा एकच शब्द घेऊन बसू. बाकी ग्रामर राहू दे बाजूला.

गडबड मुळात आपल्या 'पासून'मुळे होते. आपण म्हणतो "सोमवारपासून ताप आहे" आणि आपणच म्हणतो "तीन दिवसांपासून ताप आहे". दोन्हीकडे पासून. हिंदीत दोन्हीकडे से. कोकणीत पण तेच, सोमारा सावन आणि तीन दिसां सावन. मग शाळेत कधीतरी सिन्स म्हणजे पासून असं डोक्यात बसलं की माणूस जन्मभर जिथे पासून दिसेल तिथे सिन्स चिकटवत जातो. इंग्रजीत मात्र ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्याला दोन वेगळे शब्द आहेत. कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती वेळ चाललंय ते सांगायचं तर फॉर.

ओळखायचं कसं? भिंतीवरचं कालनिर्णय डोळ्यासमोर आणा. पासूनच्या आधी जे काही आहे त्यावर बोट ठेवता येतंय का बघा. सोमवार, बोट ठेवता येतं. 19 डिसेंबर, येतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येतं. बहिणीच्या लग्नाचा दिवस, तोही येतो. सकाळी नऊ वाजता म्हटलं तर त्या दिवसाच्या चौकटीत कुठेतरी येतंच. असं बोट टेकलं की सिन्स. पण "तीन दिवस" यावर बोट कुठे ठेवणार? ते सरकवत सरकवत मोजावं लागतं, एक, दोन, तीन. मोजावं लागलं की फॉर. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज. सिन्स नाइन ओ'क्लॉक, फॉर टू अवर्स. सिन्स 2019, फॉर सिक्स इयर्स.

आपल्या गोव्याचीच वाक्यं घ्या, म्हणजे लक्षात राहतील.

गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987.
इफ्फी हॅज बीन हेल्ड इन गोवा सिन्स 2004. (इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव.)
फ्लाइट्स हॅव बीन लँडिंग ॲट मोपा सिन्स जानेवारी 2023.
द थर्ड मांडवी ब्रिज हॅज बीन ओपन सिन्स जानेवारी 2019.

ह्यातल्या प्रत्येकात सिन्सच्या पुढे एक ठरलेली वेळ आहे आणि ती गोष्ट आजही चालू आहे. घटकराज्य 30 मे 1987 ला झालं आणि आजही आहे. हे "आजही आहे" फार महत्त्वाचं, त्याकडे पुढे येते.

सिन्सचा एक फायदा कोणी सांगत नाही. तो शिळा होत नाही. बेकरीच्या पाटीवर "सिन्स 1962" लिहिलं की काम झालं, पाटी परत रंगवायची गरज नाही. पण "सर्विंग यू फॉर 25 इयर्स" लिहिलंत तर पुढच्या वर्षी ते 26 व्हायला पाहिजे, आणि कोण करतंय? सीव्हीला पण हेच लागू. "आय हॅव वर्क्ड इन हाउसकीपिंग फॉर थ्री इयर्स" असं लिहून ती फाइल चार वर्षं जशीच्या तशी पाठवत राहणारे खूप जण आहेत. त्यापेक्षा "सिन्स 2021" लिहा, आपोआप अपडेट होतं. आणि हो, पाट्यांवर सर्रास दिसणारं "सिन्स 25 इयर्स" हे कोणत्याच हिशेबाने बसत नाही. 25 वर्षांवर बोट ठेवून दाखवा बघू.

आता खरा फसवणारा प्रकार, लास्ट. "सिन्स लास्ट वीक" बरोबर आहे आणि "सिन्स लास्ट टू वीक्स" चूक आहे. दिसायला फरक फक्त एका आकड्याचा. पण लास्ट वीक म्हणजे कॅलेंडरवरचा मागचा आठवडा, बोट ठेवता येतं, तिथून सुरू झालं. लास्ट टू वीक्स म्हणजे लांबी आली, मोजणी आली. म्हणून "फॉर द लास्ट टू वीक्स", आणि तो "द" पण विसरायचा नाही. तसंच सिन्स लास्ट इयर बरोबर, पण गेल्या पाच वर्षांपासून म्हणायचं असेल तर फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स. मराठीत "गेल्या पाच वर्षांपासून" इतकं तोंडात बसलेलं आहे की इंग्रजी बातम्यांत आणि सरकारी पत्रांत पण "सिन्स द लास्ट फाइव्ह इयर्स" आरामात सापडतं. छापून आलंय म्हणजे बरोबर असणार असं समजू नका.

सिन्स, फॉर आणि फ्रॉम हे तिघे एका ठिकाणी बघायचे असतील तर मासेमारी बंदीसारखं उदाहरण नाही. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, 61 दिवस. समजा आज 10 जुलै आहे आणि कुणीतरी टुरिस्ट विचारतोय की बाबा ताजी मासळी का नाही मिळत. तुम्ही सांगणार, "द ट्रॉलर्स हॅव बीन इन सिन्स द फर्स्ट ऑफ जून." सुरुवात सांगितली, आणि अजून बंदच आहेत. नाहीतर सांगणार, "दे हॅव बीन इन फॉर ओव्हर अ मंथ." किती वेळ झाला ते सांगितलं. तो विचारेल एकूण नियम काय, तर "देअर इज अ बॅन फ्रॉम द फर्स्ट ऑफ जून टू द थर्टी फर्स्ट ऑफ जुलै." दोन टोकं सांगितली की फ्रॉम आणि टू. आणि ऑगस्टमध्ये मागे वळून सांगायचं असेल तर "दे वर इन फॉर 61 डेज." संपलं ते, आता बोटी पाण्यात गेल्या, म्हणून वर, म्हणजे आरचा भूतकाळ. तिथे सिन्सला जागाच नाही. एवढे चार प्रकार नीट समजले तर निम्मं काम झालं.

ह्या "संपलं"वरून सीव्हीतली दुसरी कॉमन चूक. "आय वर्क्ड इन अ रिसॉर्ट ॲट काणकोण सिन्स 2018 टू 2021." सिन्स अमुक टू तमुक अशी जोडी जमूच शकत नाही, कारण सिन्सचं दुसरं टोक नेहमी आत्ता असतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. संपलेली नोकरी असेल तर फ्रॉम 2018 टू 2021, किंवा फॉर थ्री इयर्स, आणि क्रियापद साधं वर्क्ड. उलट चालू नोकरी असेल आणि तुम्ही "आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स" लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार की सोडली नोकरी, मग विचारेल सध्या काय करता. इतिहासाचं पण तसंच. द पोर्तुगीज रूल्ड गोवा फॉर 451 इयर्स, 1510 ते 1961, गेले ते, म्हणून रूल्ड. (फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या लोकांनी हा 451 चा आकडा निमूट मान्य करायची गरज नाही, आपण नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांतले, आपल्याकडे ते अठराव्या शतकात आले. पण ग्रामर तेच राहतं, फॉर आणि रूल्ड.)

आता पहिल्या वाक्यातली दुसरी चूक, क्रियापद. समजा तुम्ही सिन्स आणि फॉर सुधारून "आय ॲम वर्किंग हिअर फॉर टू इयर्स" केलंत. तरीही गडबड आहेच. मराठीत आपण "मी दोन वर्षांपासून इथे काम करतो" म्हणतो, सरळ वर्तमानकाळ, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीला खटकतं. मागे कधीतरी सुरू झालं आणि आजपर्यंत चाललंय असं सांगायचं असलं की तिथे हॅव किंवा हॅज लागतोच. आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स. शी हॅज बीन टीचिंग सिन्स 2010. म्हणून सवय लावा, सिन्स लिहिलंत की डावीकडे बघायचं, तिथे ॲम, इज, आर दिसला की थांबायचं. शंभरातल्या नव्वद वेळा तो बदलून हॅव बीन, हॅज बीन करावा लागतो.

हा नियम हॉटेलमध्ये किंवा टॅक्सी लाइनला असलेल्यांनी तर पाठच करावा, कारण इथे अर्थच बदलतो. पाहुणा म्हणाला "आय ॲम हिअर फॉर टू वीक्स" तर त्याचा अर्थ तो एकूण दोन आठवडे राहणार आहे, कदाचित कालच उतरला असेल. आणि "आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स" म्हणाला तर दोन आठवडे होऊन गेलेत, पुढे किती राहील ते सांगितलेलं नाही. पहिल्याला तुम्ही दूधसागर, बोंडला, सगळं हळूहळू दाखवायचा प्लॅन देऊ शकता, दुसऱ्याने ते बघून झालेलं असेल. प्रश्न विचारताना पण हेच. "हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?" म्हणजे किती दिवस राहणार. "हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?" म्हणजे येऊन किती दिवस झाले. रिसेप्शनवरची मुलं दुसरा प्रश्न विचारायचा म्हणून "हाऊ लाँग आर यू हिअर?" विचारतात आणि पाहुणा "टिल सॅटर्डे" असं उत्तर देतो, मग दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात.

घरातलं उदाहरण म्हणजे लाइट. "देअर इज नो लाइट सिन्स मॉर्निंग." पावसाळ्यात हे वाक्य किती वेळा बोललं जातं देव जाणे. एक तर लाइट म्हणजे इंग्रजीत दिवा किंवा उजेड, वीज गेली असेल तर पॉवर म्हणायचं. दुसरं म्हणजे इज. "द पॉवर हॅज बीन आउट सिन्स धिस मॉर्निंग." सिन्स मॉर्निंग आपल्याकडे सगळे म्हणतात आणि भारतात ते चालून जातं, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना मध्ये धिस घातला तर कानाला बरं लागतं. सिन्स यस्टर्डे, सिन्स लास्ट नाइट यांना काही लावायला नको, ते आहेत तसे बरोबर.

बीनच्या पुढे आयएनजी लावायची सवय झाली की मग माणसं ती सगळीकडेच लावत सुटतात. "आय हॅव बीन नोइंग हिम सिन्स चाइल्डहुड." नो, हॅव, ओन, लाइक, बिलीव्ह असले शब्द म्हणजे करायची क्रिया नव्हे, ती एक स्थिती असते, त्यांना या ठिकाणी आयएनजी लागत नाही. आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड. दे हॅव ओन्ड दॅट हाउस सिन्स 1975. तापाच्या अर्जात पण हेच, "आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज" या वाक्याची दुरुस्ती म्हणजे "आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज". हॅव हॅड ऐकायला विचित्र वाटतं, दोनदा तेच बोलल्यासारखं, पण बरोबर आहे, घाबरू नका. डॉक्टर लोक केसपेपरवर फीवर सिन्स थ्री डेज लिहितात ते त्यांचं घाईतलं टिपण असतं, ते बघून रजेचा अर्ज लिहायचा नाही. लिव्ह आणि वर्कला मात्र दोन्ही चालतं, हॅव लिव्ड पण आणि हॅव बीन लिव्हिंग पण, त्यात डोकं घालवू नका.

भूतकाळातली गोष्ट सांगताना हॅवचा हॅड होतो, बाकी काही बदलत नाही. व्हेन गोवा बिकेम अ स्टेट, इट हॅड बीन अ युनियन टेरिटरी विथ दमण अँड दीव फॉर 25 इयर्स. 1987 साली उभं राहून मागे बघितलं तर काय दिसत होतं ते सांगतोय, म्हणून हॅड. रोजच्या मेलमध्ये हे फारसं लागत नाही, पुढे जाऊ.

सिन्सच्या पुढे तारीख नसून अख्खं वाक्य असेल तर? लग्न झाल्यापासून, नोकरीला लागल्यापासून, पूल सुरू झाल्यापासून. आपलं "-ल्यापासून" आलं की समजायचं इथे छोटं वाक्य लागणार आणि ते साध्या भूतकाळात. सिन्स आय जॉइन्ड. सिन्स द ब्रिज ओपन्ड. सिन्स ही गॉट मॅरीड. उरलेल्या मोठ्या वाक्यात हॅव, हॅज. "आय हॅव नॉट मेट हिम सिन्स ही लेफ्ट फॉर स्विंडन." लोक काय करतात की दोन्हीकडे हॅव घालतात, सिन्स आय हॅव जॉइन्ड, सिन्स ही हॅज लेफ्ट. एकदा घडून गेलेली घटना आहे, त्यावर परत बोट ठेवता येतं, तिथे हॅव नको.

याच्याच जोडीचा प्रकार म्हणजे "इट हॅज बीन टू इयर्स सिन्स वी मेट", आपल्याला भेटून दोन वर्षं झाली. इथे टू इयर्स आहे आणि सिन्स पण आहे, मग नियम मोडला का? नाही ना, सिन्सच्या पुढे काय आहे बघा, वी मेट, म्हणजे भेटीचा दिवस. टू इयर्स डावीकडे आहे, तो आपला मोजलेला वेळ. "इट इज टू इयर्स सिन्स वी मेट" असं इजने पण चालतं, मघाशी नव्वद म्हटलं त्यातून सुटलेल्या दहामधलं हे एक. आणि वाक्याच्या शेवटी येणारा एव्हर सिन्स पण छान आहे, तेव्हापासून आजतागायत असं म्हणायला. ही मूव्ह्ड टू लिस्बन इन 2014 अँड हॅज बीन देअर एव्हर सिन्स. परदेशी गेलेल्या नातेवाइकांबद्दल सांगताना गोव्यात हे वाक्य सारखं लागतं.

सिन्सचं दुसरं काम अगदी वेगळं, कारण सांगणं. "सिन्स द बस वॉज फुल, आय टुक अ पायलट." बस भरलेली असल्यामुळे मी पायलट घेतला. (गोव्याबाहेरच्या कुणाला सांगू नका की पायलट घेतला, विमानवाला समजतील. मोटरसायकल टॅक्सी म्हणा.) हे कारणवालं सिन्स आणि बिकॉज दोन्ही कारणच देतात, पण वजन वेगळं. जे कारण समोरच्याला आधीच माहीत आहे किंवा फारसं महत्त्वाचं नाही ते सिन्सने आणि वाक्याच्या सुरुवातीला. जे कारण हीच खरी बातमी आहे ते बिकॉजने. म्हणूनच कुणी "व्हाय?" विचारलं तर उत्तर सिन्सने सुरू करता येत नाही, बिकॉजच पाहिजे. व्हाय आर यू लेट? सिन्स द ब्रिज वॉज जाम्ड, असं नाही बोलत कोणी.

इथे आपली मराठी परत आडवी येते. आपण "पाऊस पडत होता म्हणून कार्यक्रम रद्द केला" म्हणतो आणि त्या म्हणूनसाठी हात 'सो' या शब्दावर जातो. "सिन्स इट वॉज रेनिंग, सो वी कॅन्सल्ड द प्रोग्राम." सिन्स आणि सो दोन्ही एका वाक्यात नकोत, एकाने काम होतं. सिन्स इट वॉज रेनिंग, वी कॅन्सल्ड द प्रोग्राम. किंवा, इट वॉज रेनिंग, सो वी कॅन्सल्ड. ही चूक मला सिन्स टू इयर्सपेक्षा जास्त टोचते, का ते सांगता येणार नाही, पण टोचते.

आणि कधीकधी दोन अर्थांची टक्कर होते. "सिन्स यू लेफ्ट द ऑफिस, नो वन हॅज अपडेटेड द रजिस्टर." तुम्ही गेल्यापासून की तुम्ही गेल्यामुळे? दोन्ही वाचता येतं. अशी शंका आली की कारण असेल तर बिकॉज वापरा आणि वेळ असेल तर एव्हर सिन्स, विषय संपला.

काही सुट्या गोष्टी. सिन्स लाँग आपल्याकडे सर्रास चालतं पण प्रमाण इंग्रजीत बसत नाही, खूप दिवसांपासून म्हणायचं तर फॉर अ लाँग टाइम. सिन्स फ्रॉम पण नाही, एकच घ्या. सिन्स चाइल्डहुड, सिन्स बर्थ बरोबर. पुढच्या वेळेसाठी सिन्स कधीच नाही, "आय विल बी ऑन लीव्ह सिन्स मंडे" चूक, फ्रॉम मंडे. आणि उलट "आय हॅव बीन हिअर फ्रॉम 2019" पण नको, तिथे सिन्स. फॉर बोलताना गाळला तर चालतो, आय हॅव बीन हिअर टू इयर्स, सिन्स गाळता येत नाही. स्पेलिंग एस, आय, एन, सी, ई. शेवटी एस ई लिहिणारे आणि आयच्या जागी ई आणि सीच्या जागी एस घालून त्याचा सेन्स करणारे, दोन्ही सापडतात, मोबाइलचा स्पेलचेक दुसऱ्याला पकडणार नाही कारण सेन्स हा पण खरा शब्द आहे.

सिन्स व्हेन बद्दल मात्र जपून. कधीपासून विचारायचं म्हणून आपण सरळ "सिन्स व्हेन आर यू लिव्हिंग इन पणजी?" विचारतो. समोरचा इंग्रजीवाला असेल तर त्याला ते टोमण्यासारखं लागू शकतं. इंग्रजीत सिन्स व्हेन बऱ्याचदा "हे कधीपासून सुरू झालं बुवा?" अशा सुरात येतं, सिन्स व्हेन डू यू कुक? म्हणजे तू आणि स्वयंपाक! साधा प्रश्न विचारायचा तर हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग इन पणजी. क्रूझच्या इंटरव्ह्यूला हाच प्रश्न येतो, हाऊ लाँग हॅव यू बीन इन धिस जॉब, आणि उत्तर तुकड्यात दिलं तरी चालतं, फॉर फोर इयर्स. किंवा सिन्स 2021. दोन्हीची खिचडी, सिन्स फोर इयर्स, तेवढी करू नका.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाळत बसायची गरज नाही हे पण सांगते. मित्राला सिन्स टू आवर्स वेटिंग पाठवलं म्हणून काही बिघडत नाही, आणि कुणी बोलताना असं म्हणालं तर मध्येच टोकणारी माणसं मला तर अजिबात आवडत नाहीत. सीव्ही, व्हिसाचं पत्र, आयईएलटीएस, परदेशी कंपनीला मेल, इथे मात्र लक्ष द्या. पाठवण्याआधी फाइलमध्ये सिन्स सर्च करा आणि प्रत्येकाच्या उजवीकडे बघा, लगेच आकडा आणि त्यापुढे डेज, मंथ्स, इयर्स दिसले की फॉर करा. मग डावीकडे बघा, ॲम, इज, आर असेल तर दुरुस्त करा. दोन मिनिटांचं काम आहे.

थोडी प्रॅक्टिस करून बघा, आधी स्वतः करा मग पुढचं वाचा. गेल्या चार दिवसांपासून नळाला पाणी नाही. उद्यापासून मी रजेवर आहे. तो लग्न झाल्यापासून मडगावला असतो. दोन महिन्यांपासून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले नाही. कधीपासून वाट बघतोय तुझी!

पहिलं, वी हॅव हॅड नो वॉटर फॉर द लास्ट फोर डेज. चार दिवस मोजले म्हणून फॉर, आणि हॅव हॅड. दुसरं फसवं होतं, पासून आहे पण उद्याचं आहे, म्हणून आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम टुमॉरो. तिसरं, ही हॅज लिव्ड इन मडगाव सिन्स ही गॉट मॅरीड. चौथं, आय हॅव नॉट बीन टू द फ्रायडे मार्केट फॉर टू मंथ्स, आणि नाही म्हणताना फॉरऐवजी इन टू मंथ्स पण चालतं. तारीख लक्षात असेल तर सिन्स करता येईल, म्हणजे शेवटची चवथीच्या वेळी गेले असेन तर आय हॅव नॉट बीन देअर सिन्स चतुर्थी. पाचव्यात कधीपासून बघून सिन्स व्हेन लिहिलं असेल तर खोडा. तो प्रश्नच नाही, ती तक्रार आहे, खूप वेळ झाला एवढंच म्हणायचंय. आय हॅव बीन वेटिंग फॉर यू फॉर एजेस. दोन फॉर आले तरी हरकत नाही, पहिला तुझी साठी आणि दुसरा वेळेसाठी, आणि एजेस कितीही लांबलचक असले तरी त्यांना सिन्स लागत नाही.